कंबरेचं सांगू, बाकी राहू द्या

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत दाराजवळची सीट कोण धरतो, ते एकदा बघा. साठीच्या पुढचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, आणि गाडी हलायच्या आत कंडक्टरला प्रश्न : एरंडोलला किती वेळ थांबणार? पारोळ्याच्या स्टँडवर मुतारी कुठल्या अंगाला, हे त्यांना तोंडपाठ. (बायकांनी या रस्त्याला पाणीच प्यायचं नाही, असा तोडगा कधीचा काढलाय. तो विषय वेगळा, आणि जास्त लाजिरवाणा.)

याच आप्पांना तब्येत विचारा. ‘माले काय धाड भरनी? जराशी कंबर दुखस, बस.’

कंबर ही खान्देशी पुरुषाची अधिकृत तक्रार. तिच्यासाठी तो पट्टा बांधतो, तेल चोळून घेतो, हाडाच्या डॉक्टरकडे एक्स-रे काढतो. रात्री चारदा उठावं लागतं, धार बारीक झालीय, जाऊन आलं तरी मोकळं वाटत नाही, हे मात्र एकट्या बायकोला ठाऊक. तेही कडीच्या आवाजावरून. शेजाऱ्याने छेडलंच तर ‘उन्हाळी लागलीय.’ पौष महिन्यात!

इंग्लंडच्या राजाने जानेवारी २०२४ मध्ये आपली प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचं साऱ्या जगाला सांगून टाकलं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर त्या दुखण्याची माहिती वाचायला पुरुषांची झुंबड उडाली. राजाची अब्रू जागेवरच राहिली. आमच्या आप्पांची तेवढी पाणवठ्यावर जाते.

गप्प बसण्याच्या तळाशी एकच भीती : कॅन्सर तर नसेल? बहुतेकदा नसतो. तरुणपणी अक्रोडाएवढी असलेली ही ग्रंथी वयाबरोबर वाढते. साठीत साधारण निम्म्या पुरुषांची वाढलेली असते. मूत्रमार्ग तिच्यामधूनच जातो, तो आवळला जातो. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, त्याची पहिली पायरीही नव्हे. गोळ्यांवर भागतं, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. खरा कॅन्सर सुरुवातीला बहुधा काही त्रासच देत नाही.

आता दुसरा पंथ. पुण्याचा मुलगा ‘फुल बॉडी पॅकेज’ बुक करतो, रिपोर्टात पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ५.२ येतो, ठळक अक्षरांत, आणि घरात सुतक. अहो, लघवीतल्या जंतुसंसर्गानेही तो चढतो, नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनेही. चार ते दहाच्या मधे आकडा असलेल्या चौघांत कॅन्सर निघतो तो साधारण एकाला. तो आकडा व्हॉट्सॲपवरच्या भाचेमंडळींना नव्हे, युरॉलॉजिस्टला दाखवायचा असतो.

पण कंबरेला निर्दोष सोडता येत नाही, गोम तिथे आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला तर आधी हाडांकडे धावतो. मणके, माकडहाड, खुबा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बायडेन यांचा मे २०२५ मध्ये कळला तेव्हा तो हाडांत पोचलेला होता, आणि त्यांचं निदान लघवीच्या तक्रारीमुळे झालं. आप्पांनी कंबर सांगितली हाडाच्या डॉक्टरला, लघवी सांगितली देवाला. दोघांची गाठ कधी पडणार? शेतात वाकून धरलेली कंबर पडल्यावर सैल होते. जी पडल्यावरही ठणकते, आठवड्यागणिक वाढते, वजन खाते, तिची चौकशी हवी. पायातलं बळ गेलं आणि लघवी अडकली, तर त्याच दिवशी दवाखाना; पट्टा नव्हे.

आणि तिथवर गेलंच, तरी ‘सोसायचं’ हा काही उपचार नाही. हार्मोनच्या औषधांनी हा कॅन्सर वर्षानुवर्षं दाबून धरता येतो, हाडाचं दुखणं रेडिएशनचा शेक देऊन कमी होतं. मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने त्या दुर्मीळ केल्या होत्या, २०१४ च्या दुरुस्तीने वाट जरा मोकळी केली. ‘सवय लागेल’ म्हणून कण्हणाऱ्याला गोळी नाकारणारे नातेवाईक स्वतः तंबाखूचा बार भरून बसलेले असतात.

डॉक्टरसाहेब, थोडं तुमचंही. टेबलाभोवती आठ पेशंट, दार सताड उघडं, आप्पांसोबत सून, आणि तुम्ही खणखणीत आवाजात विचारता, ‘लघवी कशी होते?’ काय सांगणार बिचारा? कंपाउंडरला सांगा, सूनबाईंना जरा केसपेपरच्या खिडकीवर धाडून दे.