स्वतःकडे लक्ष द्या, कॅमेरा चालू ठेवून

दिवाळी तोंडावर आली, की आईबापांच्या तब्येतीची काळजी वाहणाऱ्यांना ऊत येतो. मानसोपचारतज्ज्ञ, योगशिक्षिका आणि गाद्या विकणारे दुकानदार, सगळ्यांचं एकमत: स्वतःसाठी वेळ काढा. कुठून काढायचा, हे कुणी सांगत नाही. बहुधा माळ्यावरून. दिवाळीला लागणारी प्रत्येक वस्तू तिथेच असते आणि ती काढायला खाली स्टूल धरणारा माणूस लागतो.

शेजारच्या वहिनींच्या मुलीच्या शाळेने यंदा ‘सणासुदीत पालकांचं मनःस्वास्थ्य’ या विषयावर ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. वसुबारसेला, संध्याकाळी सहाला. उपस्थिती सक्तीची, कॅमेरा चालू हवा. व्याख्यात्या बाई म्हणाल्या, डोळे मिटा. वहिनींनी एकच मिटला. दुसरा चकलीवर होता. मोहन जरा जास्त झालं, की चकली तेलात विरघळते आणि पालकही. वर्तमानात जगा, असंही बाईंनी सांगितलं. तापल्या तेलापुढे उभी असलेली बाई दुसऱ्या कुठल्या काळात जगणार? मदत मागायला संकोच करू नका, असं कानावर पडताच वहिनींनी लगेच मागितली. दादा धावत आले आणि म्हणाले, “सांग ना, काय करू?” हा प्रश्न ते इतक्यांदा विचारतात, की उत्तर देण्याच्या वेळात शंकरपाळे कातून होतात.

शेवटी अभिप्रायाचा अर्ज आला. ताण कमी झाला का? वहिनींनी ‘पुष्कळ’वर बोट ठेवलं. बाकीच्या पर्यायांना कारणं लिहावी लागत होती.

अनारशांचं तर विचारूच नका. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, दळायचे, गुळात कालवून पीठ मुरवायचं, खसखशीवर थापायचं. एवढ्या खटाटोपानंतर अनारसा तुपात हसतो. त्या वेळी घरात हसणारा तो एकटाच असतो.

बापांचं दुःख चिखलात. जुलै 2025मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. 11 महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतली जिंजी. ऊर भरून यावा अशीच गोष्ट. पण शाळेचाही ऊर भरून आला आणि तिने किल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पूर्वी चार विटा, एक पोतं, वर चिखल आणि अळीव, एवढ्यात किल्ला व्हायचा. बुरुजापेक्षा मावळा उंच असला तरी गनिमाची तक्रार नसे. आता हुबेहूब लागतो. ज्यांना शिवनेरी आला ते सुटले. दादांच्या लेकीला आला सिंधुदुर्ग. त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत अरबी समुद्र आणला. रात्रीतून तो तिसऱ्या मजल्यावर उतरला. खालच्या काकांनी सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा विचारल्या.

या सगळ्यातून चार दिवस गावी पळावं, तर गाडीचं तिकीट हवं. पूर्वी 120 दिवस आधी सुरू होणारं रेल्वे आरक्षण नोव्हेंबर 2024पासून 60 दिवसांवर आलं. पालकांना इतका ठोस दिलासा आजवर एकाही व्याख्यात्याने दिलेला नाही. प्रतीक्षा यादीची धास्ती आता दोन महिने उशिरा सुरू होते.

खरं म्हणजे आपल्या पूर्वजांनी अंग चोळून घेण्याची सोय सणातच करून ठेवली आहे. नरकचतुर्दशीची पहाट, तेल, उटणं, कढत पाणी. फक्त तेल कोमट करते आई, उटणं दुधात कालवते आई, सगळ्यांच्या पाठी रगडते आई. तिचा नंबर लागेपर्यंत गिझर गार आणि सूर्य गच्चीवर. सूर्योदयानंतर अंघोळ करणारा नरकात जातो, ही माहिती तिला देतात, ते तिच्याच हातून तेल लावून घेतलेले, दुसऱ्या फराळाला बसलेले लोक.

दादा मात्र मनाचे चांगले. पाडव्याला त्यांनी ओवाळणीत वहिनींना पाय चेपायचं यंत्र दिलं. “आता फक्त तू आणि तुझे पाय,” असं म्हणालेही. नीट चालतं का, हे पाहायला आधी सासऱ्यांनी पाय घातले. मग दिरांनी. भाऊबीजेला नणंदेच्या यजमानांना त्यात अशी झोप लागली, की जेवायला उठवावं लागलं. हल्ली ते यंत्र सोफ्यापुढे कायमचं असतं. चांगलं जड आहे. केर काढताना वहिनी ते रोज उचलून बाजूला ठेवतात.