छतावरील पाटबंधारे

छतातून घरात उतरणाऱ्या पाण्याला मराठीने एकाच क्रियापदात कोंडलेले नाही. गळणे हा सर्वसाधारण शब्द झाला. पण ठरावीक अंतराने, एकाच जागी, मोजता येईल अशा थेंबांनी पडणारे पाणी ठिबकते, कुठून आले याचा पत्ता न देता नुसती ओल दाखवणारे पाणी झिरपते, भिंतीला धरून रेघ ओढत उतरणारे पाणी ओघळते, आणि या सगळ्यांच्या पलीकडे जे होते त्याला ‘बदाबदा’ हे एकच क्रियाविशेषण पुरते. कौलारू घरांत पावसाळे काढलेल्या पिढ्यांनी ही वर्गवारी भाषेच्या हौसेने केलेली नसून रात्री कोणते भांडे कुठे ठेवायचे हे ठरवण्यासाठी केलेली आहे, कारण ठिबकणाऱ्या पाण्याला तांब्या चालतो, ओघळणाऱ्याला फडके लागते आणि बदाबदा येणाऱ्याला शेजारी लागतात. टेक्सासमध्ये भाड्याने घेतलेल्या एका मोटारहोमच्या छतावरचे वातानुकूलन यंत्र गळू लागले, तेव्हा ह्यूस्टनच्या एका मराठी कुटुंबाला निदानासाठी अखेर हीच वर्गवारी उपयोगी पडली. मात्र हे लक्षात येईपर्यंत एक वाळवंट, एक लेणे शोभेल अशी गुहा आणि सिलिकॉनच्या तीन नळ्या मागे पडल्या होत्या.

मोटारहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बिछान्यांसह रस्त्यावरून धावणारे घर होय. विंचवाच्या पाठीवरचे जे बिऱ्हाड मराठी म्हणीत अस्थिरतेची खूण मानले गेले, त्यासाठी अमेरिकेत दिवसाचे भाडे मोजतात आणि आगाऊ नोंदणी करतात. या घराचा एसी छतावर बसतो. त्याचा कॉम्प्रेसर, पंखे आणि थंड व गरम होणाऱ्या दोन्ही कॉइल, म्हणजे नळ्यांच्या जाळ्या, एकाच तळपत्र्यावर प्लास्टिकच्या टोपाखाली मांडलेल्या असतात आणि छतात सव्वाचौदा इंचांचे एक चौकोनी भोक पाडून त्यावर हा सगळा संसार ठेवलेला असतो. सुमारे ४५ किलोंचे हे यंत्र छताला स्क्रूने ठोकलेले नसते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला प्रथम खरी वाटत नाही. भोकाभोवती फोमची एक चौकोनी गादी असते, तिला गॅस्केट म्हणतात. आतून वर जाणारे चार लांब बोल्ट यंत्राला खाली ओढतात, गादी मूळ जाडीच्या साधारण निम्मी दाबली जाते आणि छत दोन्हीकडून चिमटीत धरले जाते. पावसाळा आणि जेवणाचे टेबल यांच्यामध्ये उभा असलेला पहारेकरी हा असा स्पंजाचा असतो.

एसीचे पाणी पावसाशी संबंधित असतेच असे नाही, हा मुद्दा येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली रचना केली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगून रंगांचे छाप एकमेकांवर बसेनासे झाले होते, म्हणून हवेतला ओलावा काढून घेणे हा तिचा हेतू होता. म्हणजे पाणी काढणे हा एसीचा दोष नसून मूळ व्यवसाय आहे आणि गारवा हे त्याचे जोडकाम म्हणावे लागते. क्षमतेचे मापदेखील पाण्याचेच आहे: २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी ओढणाऱ्या यंत्राला एक टनाचे म्हणतात, ती उष्णता तासाला १२,००० बीटीयू भरते, आणि मोटारहोमवर नेहमी आढळणारे १५,००० बीटीयूचे यंत्र आपल्या हिशेबाने बरोबर सव्वा टनाचे ठरते. ह्यूस्टनच्या जुलैतल्या हवेतून असे यंत्र तासाला लिटरभर पाणी सहज पिळून काढते. ते पाणी थंड कॉइलखालच्या तबकात जमावे, तबकाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून छतावर यावे आणि छतावरून बाहेर पडावे, अशी योजना असते. घरात त्याला आमंत्रण नसते.

या कुटुंबात मुलगी, जावई आणि उन्हाळ्यासाठी महाराष्ट्रातून आलेले मुलीचे आईवडील असे चार जण होते. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, जन्माने माणदेशी, आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा ज्यांच्या सहीइतकीच हातात बसलेली होती असे. आई कोकणातल्या, जिथे पाणी अडवण्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही आणि पाऊस घराबाहेर कसा वळवायचा हीच विद्या असते. सह्याद्रीच्या दोन बाजूंचा हा जुना मतभेद सॅन अँटोनियोजवळच्या तळावर, पहिल्याच रात्री, टेबलावरच्या पोह्यांच्या डिशमध्ये थेंब पडल्याने पुन्हा उघडला गेला. थेंब नियमित होता. आईंनी त्याखाली पातेले ठेवले आणि आवाज होऊ नये म्हणून पातेल्यात फडके घातले. वडिलांनी घड्याळ लावून मिनिटाचे थेंब मोजले, कारण विसर्ग किती हे समजल्याशिवाय कोणताही प्रकल्प अहवाल सुरू होत नाही.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न जावयांनी केला. त्यांनी भाड्याने गाडी देणाऱ्यांना फोन लावला, चाळीस मिनिटे संगीत ऐकले आणि एसी बंद ठेवल्यास गळती थांबेल असा निर्विवाद सल्ला मिळवला. दुसरा प्रयत्न मुलीचा: तिने छताची जाळी काढून आतला फिल्टर पाहिला, तर चुलीच्या बरोबर वर असलेल्या त्या गाळणीवर तीन वेळच्या फोडणीची हळद आणि तेल बसून तिला शेवेचा रंग आला होता. फिल्टर धुणे योग्यच होते, कारण हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो आणि यंत्र थांबताच तो वितळून खाली येतो. पण या गळतीचे कारण ते नव्हते आणि थेंब पूर्ववत चालू राहिला.

तिसरा प्रयत्न सकाळी, मागच्या शिडीवरून, सिलिकॉन घेऊन वर गेला. मोटारहोमच्या छतावर पुष्कळदा पांढरे रबरी आच्छादन असते आणि उन्हाने जुने झालेले हे रबर खडूसारखी पूड सोडते, त्यामुळे छतावर गुडघे टेकून काम करणारा माणूस खाली उतरल्यावर फळा पुसून आलेल्या मास्तरांसारखा दिसतो. वडिलांनी एसीच्या चारही बाजूंनी सिलिकॉनचा अखंड बांध घातला, बोटाने त्याचा उतार काढला आणि कोपऱ्यांना विशेष मजबुती दिली.

“अहो, पन्हाळीला कुणी बांध घालतं का?” आईंनी शिडीच्या पायथ्याशी उभे राहून विचारले.

“पाणी आत येतंय ते बाहेरून येतंय. अडवलं की संपलं,” वरून उत्तर आले.

तांत्रिक दृष्टीने हा बांध चुकीचा होता, कारण एसीच्या तळाची बाहेरची कड मुद्दाम मोकळी सोडलेली असते. तबकातले पाणी तिथूनच छतावर येते, आणि ती बुजवली की बाहेर पडू पाहणाऱ्या पाण्याला घराखेरीज दुसरी दिशा उरत नाही. शिवाय या रबरावर सिलिकॉन नीट धरत नाही. छतासाठी वेगळे, आपोआप पसरून सपाट होणारे सीलंट मिळते आणि तेदेखील झरोके व नळ्यांभोवती लावायचे असते, एसीभोवती नव्हे. पण या चुकीचा निकाल लागायला भूगोल आड आला. महामार्ग १० वरून पश्चिमेकडे निघालेली गाडी जंक्शन आणि सोनोरा या गावांच्या दरम्यान शंभरावे पश्चिम रेखावृत्त ओलांडते. १८७८ साली जॉन वेस्ली पॉवेल यांनी याच रेखेच्या आसपास अमेरिकेच्या ओल्या आणि कोरड्या प्रदेशांची सीमा दाखवली होती. ह्यूस्टनला वर्षाकाठी सुमारे ५० इंच पाऊस पडतो आणि सुमारे ७५० मैलांवरच्या एल पासोला जेमतेम ९ इंच. कोरड्या हवेत पिळायला ओलावाच नसल्याने एसीचे तबक रिकामे राहिले आणि थेंब थांबला. पॉवेल यांचे हे श्रेय सिलिकॉनने घेतले. जावयांनी “बाबा, मानलं तुम्हाला” असे म्हटले, मुलीने ती बातमी पुण्याच्या काकांना कळवली आणि आईंनी काही न बोलता पातेले घासून जागेवर ठेवले, पण फारसे आत ठेवले नाही.

या विजयाच्या आनंदात कुटुंबाने सोनोराजवळची चुनखडीची गुहा पाहिली. तिथे विरघळलेला चुना घेऊन छतातून पाणी ठिबकते, प्रत्येक थेंब जाताना चुन्याचा कण मागे सोडतो, आणि हजारो वर्षांत छतापासून अधोमुखी व जमिनीपासून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ तयार होतात. गुहेत काही जागी हे काम अजून चालू आहे आणि हात लावण्यास सक्त मनाई आहे. ज्या घटनेवर आदल्याच दिवशी सिलिकॉन खर्ची पडले होते ती पाहण्यासाठी चार तिकिटे काढावी लागली, ही विसंगती फक्त आईंच्या ध्यानात आली. पातेल्यातले फडके काढले नसते तर घरीच झाले असते, एवढेच त्या म्हणाल्या.

पुढे एल पासोवरून उत्तरेला वळून गाडी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या राष्ट्रीय उद्यानाकडे गेली. जिप्समच्या त्या पांढऱ्याशुभ्र टेकड्यांमध्ये वडिलांच्या गुडघ्यांवरची पूड प्रथमच कुणाच्या नजरेत आली नाही. वाळवंटात पाऊस पडत नाही अशी जी समजूत असते तिला अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात जुलै ते सप्टेंबर अपवाद असतो. तिथेही वारे फिरतात, दुपारी ढग चढतात आणि हवामानशास्त्रज्ञ त्याला मान्सूनच म्हणतात. त्या संध्याकाळी ॲलामगॉर्डोच्या तळावर आषाढ आल्यासारखा पाऊस झाला आणि छतातून पाणी आले, पण ते ठिबकले नाही. जाळीच्या एका कोपऱ्यातून ओघळले, कपाटाच्या फळीवरून वळले आणि वरच्या बिछान्याच्या गादीत शिरले. पाणी अडले होते, कारण पुढच्या बाजूला फट पडलेल्या बांधाने पावसाला आत घेऊन मागच्या बाजूने बाहेर सोडले नव्हते. आणि ते जिरलेही होते, कारण गादी सहा इंचांची होती. घोषणेची इतकी संपूर्ण अंमलबजावणी खात्यातल्या उभ्या सेवेत वडिलांनी पाहिली नव्हती.

अशा तळांवर शेजारच्या गाडीत एक निवृत्त गृहस्थ असतात, त्यांच्याकडे सर्व पाने आणि पेचकस असतात आणि बोलावण्याची वाट न पाहता ते येतात. या गृहस्थांनी सांगितलेली कसोटी साधी होती: एसी बंद ठेवून छतावर पाणी सोडले असता आत आले तर गॅस्केट ढिले, आणि छत कोरडे असताना नुसत्या एसीने पाणी आले तर तबकाची वाट बंद.

“म्हणजे ओघळलं तर पावसाचं आणि ठिबकलं तर यंत्राचं,” आईंनी मराठीत सार काढले, आणि पहिल्या रात्रीच्या पातेल्याकडे सर्वांनी नव्या आदराने पाहिले.

जाळी उतरवून विजेरीच्या उजेडात पाहता चार बोल्टांपैकी एक बोटांनीच फिरला. शेकडो मैलांच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात आणि दबून राहिलेला फोम कालांतराने पूर्वीसारखा फुगत नाही, म्हणून ते अधूनमधून आवळावे लागतात. मात्र एकच बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेल्यास यंत्र एका अंगाला कलते, आणि फार आवळल्यास गादी चेपून निकामी होते. प्रत्येकाला पाव फेरा, मग समोरच्या कोपऱ्याला पाव फेरा, अशा पंगतीत वाढण्याच्या समतेने चारही बोल्ट बसवले गेले. दुसऱ्या दिवशीचा पाऊस बाहेरच राहिला.

तरीही परतीच्या वाटेवर शंभरावे रेखावृत्त उलट दिशेने ओलांडून गाडी सॅन अँटोनियोला आली तेव्हा टेबलावर, त्याच जागी, त्याच लयीत थेंब पडला. आकाश निरभ्र होते. या वेळी कुणी फोन लावला नाही आणि कुणी विसर्ग मोजला नाही. वीज बंद करून टोपाचे स्क्रू काढले गेले. तबक काठोकाठ भरलेले होते आणि त्याच्या छिद्रांत मातीचे टणक गोळे बसले होते. कुंभारीण, म्हणजे मातीची घरटी बांधणारी गांधीलमाशी, अशी भोके पसंत करते, त्यांत लुळे केलेले कोळी पिलांसाठी साठवते आणि तोंड लिंपून निघून जाते. सिलिकॉन न वापरता, एकटीने, कोणतेही अंदाजपत्रक न करता तिने उभारलेल्या त्या बंधाऱ्याकडे वडील काही वेळ टोप हातात धरून पाहत राहिले. नंतर त्यांनी तारेच्या तुकड्याने छिद्रे मोकळी केली आणि प्लास्टिकच्या उलथन्याने स्वतःचा बांधही खरवडून काढला.

एसी सुरू झाल्यावर अर्ध्या तासात छताच्या कडेवरून पाण्याची बारीक पागोळी घराबाहेर पडू लागली. आईंनी सवयीने तिच्याखाली पातेले धरले. वडिलांनी ते बाजूला केले. पाणी उन्हाने करपलेल्या गवतावर पडत होते आणि पडताक्षणी दिसेनासे होत होते.

“अडवलं नाही,” त्यांनी मान्य केले, “पण जिरतंय की नाही ते बघ.”