तीनशे किलोमीटरनंतर बोला

नाना तुमच्याही सोसायटीत राहतात. नाव वेगळं असेल, गाव वेगळं असेल; पण नवी मोटारसायकल गेटातून आत आली की हातातला चहा कठड्यावर ठेवून तिच्याभोवती प्रदक्षिणा घालणारा, मालकाला न विचारता बैठक दाबून पाहणारा आणि त्याचाच पेढा तोंडात असताना त्याच्या गाडीचा निकाल लावणारा गृहस्थ तुम्ही पाहिलेला आहे. आमचे नाना सुरतेतल्या डिंडोलीत राहतात आणि पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये फोल्डिंग खात्यात चेकिंगला आहेत. दिवसभर साड्यांचे ताके डोळ्यांखालून घालायचे आणि फ्रेश, सेकंड, चिंधी असे तीन ढीग करायचे, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. संध्याकाळी घरी आल्यावर तेच तीन ढीग ते मोटारसायकलींचे करतात. चिंधीचा ढीग सगळ्यांत मोठा असतो.

मध्यंतरी समोरच्या विंगमधल्या कापडदलालाच्या मुलाने रॉयल एन्फिल्डची सुपर मीटिअर आणली. २४१ किलोचं धूड. हार घातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू फुटायच्या आत नाना बैठकीवर. बसले, उठले, पुन्हा बसले, डोळे मिटले.

"बैठक झकास आहे," नाना म्हणाले. मुलगा खुलला. "पण तीनशे किलोमीटरनंतर बोला."

हे नानांचं ब्रह्मवाक्य. त्यामागे सिद्धान्त आहे आणि तो ऐकल्याशिवाय सुटका नाही. पहिल्या वीस किलोमीटरला जगातली प्रत्येक गाडी गोड लागते. शंभरला मनगटं कुरकुरतात, दोनशेला खांदे भरून येतात. खरी साक्ष माकडहाडाची, आणि ते तीनशेच्या आत तोंड उघडत नाही. सुपर मीटिअरची बैठक जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर, म्हणजे बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय टेकतात. पण चालवताना पाय पुढे पसरायचे, त्यामुळे अंगाचा सगळा भार कण्याच्या शेपटावर. पुढचा खड्डा दिसला तरी पायांवर जोर देऊन उठता येत नाही. "खड्डा डोळे बघतात, दंड मणके भरतात," नाना म्हणाले आणि दुसरा पेढा उचलला. दलालाच्या मुलाने वैतागून विचारलं, "नाना, तमे क्यारे लेवाना?" नाना म्हणाले, "तुलना चालू आहे."

तुलना कधीपासून चालू आहे हे वहिनींनाही सांगता येत नाही. रॉयल एन्फिल्डची हिमालयन २०१६ साली आली तेव्हा नाना तिच्यावर खूश होते: पाय नेमके खाली, पाठ ताठ, खड्ड्यात उभं राहून चालवता येते. पण ४११ सीसीचं इंजिन चढावर दमतं म्हणून ढीग 'सेकंड'. २०२३ च्या अखेरीस ४५२ सीसीची नवी आली. इंजिन पाण्याने थंड होणारं, ताकद भरपूर, बैठक वरखाली करण्याची सोय. आम्हांला वाटलं, नाना संपले. नाना म्हणाले, आता पाणी आलं. पाणी आलं की रेडिएटर आला. रेडिएटर आला की दगड लागून फुटायची सोय झाली. केटीएमची ३९० अॅडव्हेंचर आपल्या चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनते, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांना माहेरची माया. सापुताऱ्याच्या वळणांवर तिच्याइतकी शहाणी गाडी नाही, हे ते कबूल करतात. पण बैठक उंच. सिग्नलला नानांचा अंगठा टेकतो, टाच टेकत नाही. "हँडलिंग फ्रेश, उंची चिंधी," असा निकाल.

विश्वासार्हतेचीही त्यांची एकच कसोटी: विसरवाडीच्या मिस्त्रीला ही गाडी उघडता येईल का? नवापूरच्या पुढे, कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे विसरवाडी लागते. तिथे म्हणे एक मिस्त्री आहे. जगातल्या मोटारसायकल-कारखान्यांनी या मिस्त्रीला डोळ्यांपुढे ठेवून गाड्या बनवायला हव्या होत्या, पण एकानेही ठेवलं नाही, ही नानांची खंत. बीएमडब्ल्यूची जीएस १९८० पासून जगभर फिरते आहे, तिला चेनऐवजी शाफ्ट, चेन ताणायची भानगडच नाही, असं मी एकदा वाचून सांगितलं. नाना म्हणाले, "विसरवाडीला शाफ्ट मिळतो?" होंडाच्या गोल्डविंगला सहा सिलिंडर, १८३३ सीसी, आणि चक्क रिव्हर्स गिअर आहे, म्हटलं. "विसरवाडीला रिव्हर्स गिअर कशाला पाहिजे? ढकलायला पोरं उभी असतात."

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण तीनशे किलोमीटरांची ही पट्टी नाना सगळ्या जगाला लावतात. नवा सोफा आला, तीनशे किलोमीटरनंतर बोला. दातांच्या डॉक्टरची खुर्ची, तीनशेनंतर बोला. नवं सरकार आलं की लोक शंभर दिवसांचा हिशेब मागतात, नाना किलोमीटर मागतात. नवागामच्या एका हॉलमध्ये लग्नाला गेलो होतो. मुलीचे वडील कौतुकाने सांगत होते, जावई शांत आहे, निर्व्यसनी आहे, मोठ्यांसमोर मान वर करत नाही. नाना जिलेबी चघळत म्हणाले, "सुरुवातीला सगळेच स्मूथ चालतात." पुढचं वाक्य येणार हे ओळखून मी त्यांना पंगतीतून उठवलं.

सगळ्यांत कहर शिवजयंतीला. सुरतेत राहून शिवजयंतीला सुरतेच्या स्वारीचं वर्णन ऐकणं हा मुळातच नाजूक मामला. वक्ते प्रतापगडावर अर्धा तास काढतात, आग्र्याला वीस मिनिटं; १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर मात्र एका दमात उरकतात, कारण पहिल्या रांगेत देणगीदार व्यापारी बसलेले असतात. वक्ता असाच निसटत असताना नानांनी हात वर केला.

"इतक्या लांबची रपेट. खोगीर कसं होतं?"

वक्ता गांगरला. तो म्हणाला, घोडी भीमथडीची होती.

"म्हणजे कशी?"

"लहान चणीची, काटक. कमी खाणारी. घाटात न घसरणारी. कुठेही जातील, कशावरही जगतील."

मागच्या रांगेतून चार पोरं एकदम ओरडली, "स्प्लेंडर!" सभा हसली, देणगीदारही हसले. नाना तेवढे हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

कारण नाना स्वतः स्प्लेंडर चालवतात. १९९४ साली आलेलं हे मॉडेल, इंजिन पुरतं शंभर सीसीचंही नाही. नानांच्या गाडीच्या टाकीवर हिरो आणि होंडा अजून एकत्र नांदतात. २०१० च्या डिसेंबरात त्यांचा काडीमोड जाहीर झाला, पण आमच्या पार्किंगमध्ये ती बातमी पोचलेली नाही. या गाडीला नाना कोणत्याही ढिगात टाकत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "ती तुलनेत नाही."

आणि जे तुलनेत आहेत त्यांचं काय चाललंय, तेही बघण्यासारखं. सुरतेत टूरिंगच्या गाड्या आता कमी नाहीत. रविवारी पहाटे गुडघ्यांना कवचं, अंगात जाकीट, गाडीला दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या पेट्या, हेल्मेटवर कॅमेरा अशी फौज निघते. लडाखला निघाली असं वाटतं. जाते डुमसला, टोमॅटोची भजी खायला. डुमस शहरापासून वीसेक किलोमीटर, म्हणजे नानांच्या हिशेबाने गोड लागण्याच्या हद्दीतच. पेट्यांत काय नेतात हे मी एकदा पाहिलं. परतीच्या भज्यांची पुडी होती. उत्तरायणात मात्र ही फौज घरीच बसते. त्या दिवसांत मांज्याने गळा कापू नये म्हणून सुरतेतले लोक हँडलवर लोखंडी सळईची कमान ठोकतात आणि दुचाक्यांना उड्डाणपूल बंद असतात. मोठ्या गाडीच्या हँडलवर तसली सळई शोभत नाही ना! नाना स्प्लेंडरला सळई लावून खालून, गल्लीबोळांतून कामावर जातात आणि संध्याकाळी पारावर विंडस्क्रीन विरुद्ध सळई ही तुलना मांडतात. सळई जिंकते.

एकदा त्यांनी मला उधना–मगदल्ला रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये नेलं. सेल्समन गोड पोरगा. म्हणाला, टेस्ट राइड घ्या ना काका, पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन या. नाना म्हणाले, "विसरवाडीपर्यंत जाऊन आलो तर चालेल?" विसरवाडी कुठे आहे ते त्याने मोबाइलवर पाहिलं, मग मॅनेजरकडे पाहिलं, मग आम्हांला पाणी दिलं.

त्या दिवशी परतताना मी चिडून विचारलं, "नाना, तीनशेच का? अडीचशे का नाही? कुठे लिहून ठेवलंय?"

"जगात तसं मान्य आहे," नाना म्हणाले आणि विषय टायरांवर नेला.

उत्तर मिळालं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. वहिनी सांजोऱ्या तळत होत्या, आम्ही बाहेर बसलो होतो, नाना कोपऱ्यावर दूध आणायला गेले होते. मी सहज तोच प्रश्न वहिनींना विचारला. झाऱ्यावरून नजर न हलवता त्या म्हणाल्या, "डिंडोलीपासून आमच्या दारापर्यंत तीनशे भरतात ना. एरंडोलच्या आत आमचं गाव."

मग त्यांनी रस्ता म्हणून दाखवला. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, घाट, दहिवेल, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल. रेल्वे होती, पण ती धरणगावला सोडणार, तिथून पुढे एसटी. आणि दिवाळी-आखाजीला उधना स्टेशनात डब्याचं दार दिसलं तरी नशीब. मिलची सुट्टी एक दिवसाची. रेल्वेच्या वेळापत्रकात ती बसायचीच नाही. म्हणून स्प्लेंडर. नाना पुढे, टाकीवर थोरला, मध्ये धाकटी, मागे वहिनी, मांडीवर पिशवी; चांदनी पडव्याच्या सुमारास गेलं तर पिशवीत सासऱ्यांसाठी घारी. धुळ्यापर्यंत घारीचं तूप वहिनींच्या लुगड्यात उतरायचं. "बैठकीचं हे एवढं बोलतात," वहिनी म्हणाल्या, "मागे बसणारीला कोणी विचारलं का कधी?"

विसरवाडीला थांबा ठरलेला. मिस्त्री चेन ताणून द्यायचा, पोरं पाय मोकळे करायची. एका रात्री सासऱ्यांचं जास्त आहे असा फोन आला. नाना एकटेच निघाले. घाटाच्या तोंडाशी क्लचची वायर तुटली. मिस्त्रीला झोपेतून उठवलं; त्याने कंदिलावर वायर घातली, पैसे घेतले नाहीत. नाना पोचले तेव्हा वडील बोलत होते. पहाटेपर्यंत बोलत होते.

तो मिस्त्री विश्वासार्हतेच्या प्रत्येक वादात का येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता धाकटीचं लग्न झालं. थोरला हजिऱ्याच्या एका कंपनीत लागला, आणि त्यानेच बापाला विचारलं, कोणती घ्यायची ती सांगा, हप्ते मी भरतो. रस्ताही आता बराचसा चौपदरी झाला आहे. आई-वडील दोघेही गेले, गावच्या घराला कुलूप आहे. नाना मुलाला म्हणाले, तुलना चालू आहे. थोरला अजून माहितीपत्रकं आणतो. नाना रात्री चष्मा लावून ती वाचतात, समासात बैठकीची उंची आणि वजन लिहितात, आणि घडी करून गादीखाली ठेवतात. "निवड झाली तर जायचं कुठे, हे ठरवावं लागेल ना," वहिनी म्हणाल्या. तेवढ्यात नाना दूध घेऊन आले. दुधाची पिशवी ठेवता ठेवता माझ्या नव्या स्कूटरला त्यांनी 'सेकंड'मध्ये टाकलं.

नाना मला आवडतात असं मी मुळीच म्हणणार नाही. माझ्या स्कूटरचा तो अपमान अजून ताजा आहे. पण वाचकांपैकी कोणाला टूरिंगची मोटारसायकल घ्यायची असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी डिंडोलीला नानांकडे एक चक्कर मारा. खोटं एक अक्षर बोलणार नाहीत, चहाही मिळेल. आणि तुमच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला अजून कोणी वाट बघत असेल, तर गाड्यांची तुलना परत आल्यावर करा. आधी आहे त्या गाडीवर जाऊन या. क्लचची एक जादा वायर तेवढी सोबत ठेवा.