इटली करून आलेले साडू

आमचे साडू इटली करून आले त्याला आता बरीच वर्षं झाली. युरोपच्या सहलीत इटलीच्या वाट्याला जेमतेम चार दिवस आले होते. व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा तळहातावर तोलून धरल्याचा फोटो आणि रोम. एवढ्या भांडवलावर त्यांनी जो अधिकार उभा केला आहे, तो तिथे जन्मलेल्या माणसालाही नसेल.

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला इटालियन हॉटेलात जायचं, हेही त्यांनीच ठरवलं. हा माणूस इटालियन हॉटेल टाळत नाही, शोधून काढतो. हॉटेल पुण्यातलं, बऱ्यापैकी महागडं. नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा दोष निम्माच होता.

साडू मेन्यूकार्ड वाचत नाहीत, पेपर तपासतात. ‘गार्लिक ब्रेड? इटलीत मिळत नाही.’ ‘अल्फ्रेडो? रोमच्या आल्फ्रेदोने लोणी आणि पार्मेजान घातलं होतं, बस्स! ही क्रीमची भानगड अमेरिकेत सुरू झाली.’ पिंक सॉसपाशी आल्यावर त्यांनी नुसते डोळे मिटले. मग वेटरला बोलावलं.

“कार्बोनारामध्ये क्रीम घालता?”

“हाँ सर, भरपूर!” पोरगा उत्साहाने म्हणाला.

साडूंनी त्याला जवळ उभं करून समजावलं. कार्बोनारा म्हणजे अंड्याचा बलक, पेकोरिनो नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज, काळी मिरी आणि ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. क्रीमचा थेंब नाही. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, जैन में भी बन जाएगा.”

इथे एक खुलासा करायला हवा. साडू शुद्ध शाकाहारी आहेत. वाढदिवसाचा केकसुद्धा ‘एगलेस आहे ना?’ असं दोनदा विचारून तोंडात घालतात. ज्या पदार्थाच्या अब्रूसाठी ते भांडत होते, तो त्यांनी जन्मात चाखलेला नाही, चाखणारही नाहीत. “अहो, रोमला आपण पावभाजी खाल्ली होती,” मेव्हणी म्हणाली. सहल कंपनीचा आचारी बरोबर होता आणि पावभाजी उत्तम झाली होती, असंही तिने सांगितलं. साडूंना ते ऐकू आलं नाही.

पास्ता आला. शिजून गाळ झालेला, पांढऱ्या सॉसमध्ये बुडालेला. साडूंचा चेहरा उजळला. ‘आल देन्ते’ हवा, दाताला लागला पाहिजे, असं बजावून त्यांनी तो परत पाठवला. दुसऱ्यांदा आला तो खरोखरच दाताला लागणारा. सासूबाईंनी एक घास घेतला, कवळी सावरली आणि म्हणाल्या, “कच्चा आहे हो हा.” तिसऱ्यांदा आला तो पहिलाच असावा.

तोवर पिझ्झा टेबलावर येऊन पडला होता. पण आधी नेपल्स झालं. तिथे १९८४ मध्ये खऱ्या पिझ्झाचे नियम ठरवणारी संस्था निघाली. लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास, साठ ते नव्वद सेकंद, बास. २०१७ मध्ये युनेस्कोनेही त्या कलेची दखल घेतली. माहिती सगळी खरी होती. नव्वद सेकंदांच्या पिझ्झाचा इतिहास पंधरा मिनिटं चालला आणि शेवटी आम्ही चीजचं रबर ओढत बसलो. मी कॅपुचिनो मागवली, तर जेवणानंतर इटलीत ती कोणी पीत नाही, असं कळलं. सासूबाईंनी चहा मागितला. तो नव्हता. तिरामिसू मधोमध गोठलेलं निघालं.

बिल आलं. सेवा शुल्क पाहून साडू ताठ झाले. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, हे सक्तीने लावता येत नाही! शुल्क काढलं गेलं. मग त्यांनी त्याहून जास्त टिप त्या पोराच्या हातावर ठेवली. माणूस वाईट नाही, हे मी पहिल्यापासून म्हणतो.

घरी परतताना सगळे उपाशी आणि चिडलेले होते. साडू तेवढे तृप्त. एकदा एका ठिकाणी पिझ्झा खरोखर चांगला निघाला होता. काठ फुगलेले, करपल्याचे नेमके ठिपके. त्या रात्री ते गप्प गप्प होते. घरी जाऊन पित्ताची गोळी घेतली म्हणे.

जाता जाता, खऱ्या पार्मेजानमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. साडू आहेत, शत्रू नव्हेत.

आता दिवाळीनंतर ते जपानला निघालेत. पुण्यात कुणाला सुशी आवडत असेल, तर त्यांनी ती दिवाळीच्या आत खाऊन घ्यावी.