बस्त्याला बसलेली मुलं

लग्नाच्या बस्त्याला पोरांना नेऊ नये, असा आमच्या आधीच्या पिढीचा दंडक होता. त्या पिढीकडे पोरं सांभाळायला काकू होत्या, आत्या होत्या, शेजारच्या आजी होत्या. आता या सगळ्याजणी स्वतःच बस्त्याला आलेल्या असतात. त्यामुळे तुळशीचं लग्न उरकलं, की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या प्रत्येक साडीच्या दुकानात गादीच्या कडेला दोन-चार मुलं बसलेली दिसतात. आणि हल्ली ती चक्क शांत बसलेली दिसतात.

याची दखल कुणी घेतलेली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो मंडईखालून धावू लागली, तेव्हा केवढे मथळे झळकले! वास्तविक त्या मेट्रोने बापमंडळींचं अपरिमित नुकसान केलं आहे. पूर्वी बायकोला दुकानाच्या दारात सोडायचं आणि ‘गाडी लावून आलोच’ म्हणून निघायचं. आज सम तारीख की विषम, पाटी पी-वनची की पी-टूची, मंडईचा वाहनतळ भरलाय का, या संशोधनात दोन चहा आणि एक वडापाव सहज बसायचा. आता मेट्रोचा जिना चढून वर आलं, की बाप थेट गादीवर. त्यामुळे मला मुलांच्या संयमाचा अभ्यास करण्याची सक्तीची संधी मिळाली.

आमच्याकडे मेहुणीचं लग्न आहे. तिचा शालू पटकन ठरला, कारण तिने तो आधीच फोनवर बघून ठेवला होता. घोडं अडलं विहीणबाईंच्या साडीवर. ती भारी दिसायला हवी, पण ‘पैसा दाखवतात’ असं वाटायला नको. रंग उठून दिसावा, पण सासूबाईंच्या स्वतःच्या साडीपेक्षा नव्हे. या अटींत बसणारी साडी अजून कुठल्याच मागावर विणली गेलेली नसावी. दुकानातला माणूस मात्र हार मानत नव्हता. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून तो दर वेळी नव्याने लाजत होता.

धाकटा सात वर्षांचा. गेल्या वर्षी याच रस्त्यावर त्याने फुटपाथवर लोळण घेतली होती आणि पुणेकरांनी थांबून आम्हाला बालसंगोपनावर फुकट सल्ले दिले होते. यंदा तो मांडी घालून, साडीच्या खोक्यातला पुठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. थोरली अकरा वर्षांची. ती त्याला हळू आवाजात काहीतरी शिकवत होती. मी कान दिला.

“‘आता झालंच’ म्हणजे अजून अर्धा तास. ‘ही शेवटची’ म्हणजे त्या फळीवरच्या सगळ्या. आणि ‘बिल करतोय’ म्हणजे ब्लाऊजपीस राहिलंय.”

“आणि पाच मिनिटं?”

“कोण म्हणतंय त्यावर आहे. बाबा म्हणाले तर पाचच. पण बाबांना इथे कोण विचारतं?”

एवढ्यात येवल्याची हातमागाची पैठणी उलगडली गेली. “वहिनी, एका साडीला कारागीर दीड-दोन महिने बसतो,” दुकानदार म्हणाला. सासूबाईंनी तिला दोन सेकंदांत निकालात काढलं. “काठ अंगावर येतोय.” थोरलीने पदर उलटा करून पाहिला. मागची बाजू पुढच्यासारखीच साफ दिसली, तशी दुकानदारीणबाईसारखी मान डोलावली. धाकट्याला वेगळीच शंका. “दोन महिने बसतो? त्याला त्याची आई काय सांगून बसवते?”

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने साठ-सत्तरच्या दशकांत एक प्रयोग केला होता. लहान मुलापुढे गोड खाऊ ठेवायचा. आत्ता हवा तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. ही परीक्षा जास्तीत जास्त पंधरा-वीस मिनिटांची, आणि तेवढ्यावर जगभर ग्रंथ निघाले! पुढे सेलेस्ट किड यांनी रॉचेस्टर विद्यापीठात त्याला पाचर मारली. त्यांचं संशोधन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. खाऊआधी मुलांना ‘चित्रासाठी छान सामान आणून देतो’ असं सांगितलं गेलं. काहींना ते मिळालं, काहींपुढे मोठं माणूस हात हलवत परत आलं. ज्यांना शब्द पाळणारा भेटला, ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांना थापाड्या भेटला, ती 3 मिनिटांत खाऊवर तुटून पडली.

या हिशेबाने आमच्या पोरांनी दुकानात पाय ठेवताक्षणी पळ काढायला हवा होता. तरी ती दुपारभर बसली. त्याला कारण आहे. खाऊ गट्ट करता येतो, विहीणबाईंची साडी खाता येत नाही.

दुपारभर बसलेल्या मोठ्यांची सहनशक्ती मात्र गल्ल्यापाशी संपली. फोनवरून पैसे भरताना ते चक्र फिरत राहिलं, जेमतेम वीस सेकंद. सासूबाई म्हणाल्या, “काय बाई हा छळ!” बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू रेंज मीच खिशात घालून बसलोय. मामेसासरे बँकेला, सरकारला आणि तरुण पिढीला एका दमात बोलले. तरुण पिढी खाली बसून पुठ्ठ्यावर आडव्या रेघा मोजत होती.

पैसे गेले आणि धाकट्याने तो पुठ्ठा आईपुढे धरला. दुपारभरात आईच्या आणि आजीच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक ‘पाच मिनिटां’ची एक रेघ. चार रेघांना एक मस्तानी. उरलेल्या रेघांचे मंडईतले पेरू, तिखटमीठ लावून.

“एवढं नाही रे, जमवून सांग,” बायको सवयीने म्हणाली.

“एकच भाव,” तो म्हणाला. “घासाघीस तुळशीबागेत,” थोरलीने पुस्ती जोडली.

दुकानदार खूश झाला. “बाळा, माझ्या गल्ल्यावर बसतोस का?”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं.”

कार्ट्याने पुठ्ठा उलटा केला आणि दुकानदाराच्या नावाने नवं खातं उघडलं.