बगळ्याची चोच

काकांबरोबर रस्त्याने निघायचं तर हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवावा लागतो. मान खाली, नजर गटाराच्या कडेला. मध्येच वाकतात आणि पिशवीत टण् आवाज होतो. बुधवार-रविवार पुण्याचा जुना बाजार. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिथे एक खाडा नाही. बँकेत एवढे नियमित नव्हते, असं काकू म्हणतात.

त्या भंगारातून काका शिल्पं करतात. शिक्षण? चित्रकलेची एलिमेंटरी नापास. वेल्डिंग कोपऱ्यावरच्या गॅरेजात बघून बघून शिकले. पहिल्याच दिवशी एक भुवई गेली. देव एकच, नेकचंद. चंदीगडचा हा रस्ते-निरीक्षक 1957च्या सुमारापासून सरकारी राखीव जागेत फुटक्या बांगड्यांची, कपबश्यांची माणसं गुपचूप उभी करत होता. सरकारला पत्ता लागल्यावर आधी पाडापाडीची भाषा झाली. मग 1976 मध्ये तिथेच रॉक गार्डन उघडलं आणि 1984 मध्ये पद्मश्री. सोसायटीची नोटीस आली की काका सेक्रेटरींना ही कथा ऐकवतात. जिन्याखालची जागा सरकारी नाही, एवढंच सेक्रेटरींचं म्हणणं.

सायकलचं सीट आणि हँडल जोडून त्यांनी बैलाचं डोकं केलं. पाहुण्यांच्या पोराने मोबाइल काढून दाखवलं, हे पिकासोने 1942 मध्येच केलंय. काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "म्हणजे त्यालाही सुचलं होतं तर!"

चेष्टा सोपी आहे हो. पण दारातला तो बगळा मला जन्मात दिसला नसता. काकूंच्या माहेरची पिचकी कळशी म्हणजे पोट, शॉवरचा वाकडा पाइप म्हणजे मान, छत्रीची दांडी म्हणजे पाय. दुसरा पाय पोटाशी. मान किंचित तिरकी. मासा दिसलाय, आता हलायचं नाही, असा उभा. चोच सांडशीची. उघडते, मिटते.

अडचण एवढीच, की घरात सांडशी ती एकच.

परवा एक कलासमीक्षक सकाळी साडेसातलाच आले. बगळा बिनचोचीचा. ते बराच वेळ बघत राहिले. "समोर मासा, आणि खायला तोंडच नाही," ते हळूच म्हणाले. "केवढं धाडस!"

काकांनी विनयाने मान लववली.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या, सांडशी पदराला पुसली आणि खटकन बगळ्याला बसवली.

"उतरवलं दूध. हं, आता बघा."