रंग पक्का आहे नं?

पहिली सर पडून जमीन धड ओली झालेली नसते, तोच आमच्या फाटकावर थाप पडते. नाना आत येत नाहीत. रस्त्यावरूनच जाहीर करतात, "यंदा किनार बदलून राहिलो. चला."

किनार म्हणजे नानांच्या अंगणाच्या कडेचा वाफा. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, जेमतेम दोन फूट रुंद. एवढ्या पट्टीत कुणी चार झेंडू टोचले असते आणि मोकळा झाला असता. पण नानांनी पंडरीच्या कपडा मार्केटात चाळीस वर्षं मुनिमी केलेली. नर्सरीत ते रोपापुढे उभे राहतात, पान चिमटीत धरतात, उलटं करून उजेडात बघतात, अंगठ्याने चोळतात आणि विचारतात, "रंग पक्का आहे नं?"

नर्सरीतला पोरगा छत्तीसगढी. पहिल्या वर्षी तो बिचारा चक्रावला. "कका, एहा फूल आय, लुगरा नोहय."

"ते दिसून राहिलं मला. दुसरा माल दाखव."

मग माल निघायला लागतो. जास्वंद बघून नाना म्हणतात, फार भडक. तगर म्हणजे निव्वळ मांजरपाट. झेंडू, मांडवाचं कापड. पिवळा ड्युरांटा पोलक्यापुरता ठीक. सदाफुलीकडे तर ते बघतही नाहीत. ते त्यांच्या मते पायपुसणं. अर्ध्या तासात त्यांच्या पायाशी रोपांची थप्पी लागलेली असते आणि नाना म्हणत असतात, "हे बाजूला ठेव. अजून दाखव."

एकदा पोराने मोठ्या हौसेने बोगनवेल पुढे केली. ती घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, पण मला अवदसा आठवली. मी सांगितलं की, नाना, हा जो राणी रंग दिसतो ती फुलं नव्हेत, पानांचाच प्रकार आहे. खरं फूल मधलं, ते बारीक पांढरं. नानांनी हात मागे घेतला. "म्हणजे कापड पांढरं आणि रंग सगळा अस्तराचा? असा माल आम्ही शेठजींच्या दुकानात उतरवूनसुद्धा घेतला नसता."

हायड्रेंजियाची कथा तर गल्लीत अजून सांगतात. ते थंड हवेचं झाड. रायपूरच्या उन्हाशी त्याचं जमणं कठीण. पण नानांना त्याचा निळा रंग भावला. "मोरपंखी नाही, पण जवळपास आहे," असं म्हणत साडेतीनशे रुपये मोजून त्यांनी ते घरी आणलं, टाकीच्या सावलीत लावलं, आंघोळीआधी त्याला पाणी घातलं. पुढच्या खेपेला फुलं आली ती गुलाबी. या झाडाचं तसंच असतं. माती आंबट असली तर तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं येतं. मातीत चुना असला तर गुलाबी. नानांच्या किनारीखाली घर बांधतानाचा सगळा मलबा, चुना आणि सिमेंट. नानांना हे रसायनशास्त्र कोण समजावणार? त्यांनी झाड कुंडीसकट रिक्षात घातलं आणि नर्सरीत नेऊन ठेवलं. "पहिल्याच पाण्यात रंग गेला. बदलून दे."

त्या पोराने बदल्यात स्थलकमळ दिलं, म्हणजे सूडच घेतला. ते फूल सकाळी पांढरं उमलतं, दुपारी गुलाबी होतं आणि संध्याकाळी लालसर होऊन मिटतं. पहिल्या दिवशी नाना तीनदा आमच्याकडे आले. सकाळी रागावलेले, दुपारी गोंधळलेले; संध्याकाळी मात्र चेहरा उजळलेला. "धुतल्यावर रंग चढणारा माल उभ्या जन्मात पाहिला नव्हता."

हा प्रश्न झाडांपुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण नातजावई बघायला गेले तेव्हा नानांनी मुलाच्या मामाला बाजूला घेऊन तोच विचारला. डॉक्टरांनी लाल गोळी लिहून दिली तेव्हाही विचारला. मतदान केंद्रावर बोटाला शाई लावून घेताना विचारला आणि तिथला माणूस म्हणाला, "एकदम पक्का, काका." नानांनी बोट उजेडात धरून पाहिलं. "शाईचं ठीक आहे. आता उमेदवाराचं पाहू." तो उमेदवार पुढे वर्षभरातच दुसऱ्या पक्षात गेला, आणि नाना आठवडाभर गल्लीत ताठ मानेने हिंडले.

आता मातीबद्दल. छत्तीसगढात मातीला जातीवार नावं आहेत: कन्हार, डोरसा, मटासी, भाठा. नानांना किनारीसाठी कन्हार हवी असते; काळी, पाणी धरून ठेवणारी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पण नानांच्या शब्दांत, "पोत आहे." आसपास कुणाच्या घराचा पाया खणला जात असला की ते टोपली घेऊन हजर. टोपली त्यांची, डोकं मात्र माझं. मी कुरकुरलो की ते माधवराव सप्र्यांना पुढे करतात. सप्र्यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं आणि 1901 साली त्यात 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा छापली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांत तिची गणना होते. तीत एका विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला मातीची एक टोपली उचलवत नाही आणि त्याचे डोळे उघडतात. नानांनी या कथेचं तात्पर्य स्वतःच्या सोयीने काढलं आहे: "जमीनदाराला उचलली नाही, पण तुम्हाला उचलेल. तुम्ही सज्जन आहात."

एवढ्या खटाटोपानंतर किनार टिकते किती? थंडीत ती पाहावी. पेटुनिया आणि डायँथसने भरलेली. मार्चपासून विटायला लागते. मेअखेर नवतपा लागला आणि पारा 44-45 अंशांवर गेला की सगळी किनार जळून खाक. उरते ती नालीच्या फटीतून आपली आपण उगवलेली सदाफुली. मूळची मादागास्करची. तिच्या रसातून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर दिलं जातं, हे मी नानांना ऐकवून पाहिलं. त्यांनी ते ऐकल्याचं दाखवलं नाही. पण भर नवतप्यात, सगळे दारं लावून कूलरसमोर पडलेले असताना, कपडे धुतलेलं पाणी त्या फटीत ओतताना मी त्यांना पाहिलं आहे. पायपुसण्याला.

एरवी जी झाडं जगतात, तीही दर जूनमध्ये किनारीतून उठतात, कारण "दोन साल एकच किनार कोण वापरतं?" ती नाना फेकत नाहीत. मुळाची माती न सांडता, ओल्या फडक्यात गुंडाळून दारोदार देतात. आमची तगर त्यांच्याकडची. समोरच्यांचा क्रोटन, कोपऱ्यावरच्या सिंधी काकूंची अबोली, शाळेच्या भिंतीलगतची कण्हेर, सगळं नानांनी नापास केलेलं. आमच्या गल्लीला जी काही शोभा आहे ती या नापास मालाची आहे. एका जूनमध्ये मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्या पावसाळ्यात गल्लीत एकही नवं झाड लागलं नाही. मी एकटाच नर्सरीत गेलो, एक पान चिमटीत धरलं आणि काय विचारायचं ते आठवेना असं झालं नाही. तोंडातून आपसूक तेच निघालं. पोरगा हसला. "कका नइ आइस का?"

परत आल्यावर नानांनी एका संध्याकाळी स्वतःहून विषय काढला. दुकानात माल दाखवणारे वेगळे, निवडणारे वेगळे. नव्या नवऱ्या, त्यांच्या आया, मावश्या गादीवर बसून शंभर साड्या उलगडायला लावत. मुनीम कोपऱ्यात. त्याने वहीत लिहायचं: शालू एक, जांभळा, पैठणी एक, हिरवी. "चाळीस वर्षं दुसऱ्यांनी निवडलेलं लिहून घेतलं," नाना म्हणाले. "'अजून दाखवा' म्हणायचा माझा नंबर कधी लागलाच नाही."

मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या नव्या शर्टावर गेली, हात बाहीकडे आला, आणि पुढचा प्रश्न तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा पंडरीत कपडे घ्यायला येणार असाल तर जूनच्या अखेरीस या. खरेदी आटोपली की आमच्या गल्लीत डोकवा. नाना तुम्हाला एक चांगलं जगलेलं झाड फुकट देतील. माती मात्र तुम्हालाच उचलावी लागेल. माझी मान दुखते.